गाडीचं कर्ज लवकर फेडलं म्हणून दंड? दीडशे वर्षांचा एक हिशेब

(पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरी गाडीचा हप्ता चालू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.)

गेल्या महिन्यात खांब नाक्यावर चहा पिताना एक जुना मित्र भेटला. धाटावला कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी पाच लाखांचं कर्ज काढून घरच्यासाठी गाडी घेतली. बारा टक्के व्याज, पाच वर्षं मुदत, महिना ११,१२२ रुपये हप्ता. एकही हप्ता चुकवला नाही. हायवेत गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातला वाटा एकदाचा हातात आला, म्हणून म्हणाला, चला, गाडीचं कर्ज फेडून मोकळं होऊ.

फायनान्सवाल्यांनी कागद दिला. बाकी मुद्दल ३,३४,८६२ रुपये. त्याखाली ‘फोरक्लोजर चार्ज’ पाच टक्के, म्हणजे १६,७४३. त्याच्यावर जीएसटी ३,०१४. एकूण ३,५४,६१९.

मित्र म्हणाला, “हप्ता चुकला तर दंड, ते समजतं रे. पण वेळेआधी पैसे नेऊन दिले तर दंड कसला?”

मी तेव्हा नुसतीच मान हलवली. घरी येऊन जुने कायदे काढून बसलो, आणि लक्षात आलं की हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षं विचारला जातोय. एकदा तर त्याचं उत्तर संसदेत मंजूरही झालं होतं. पण ते आपल्यापर्यंत पोचलंच नाही.

सुरुवात सुप्यापासून करू.

१२ मे १८७५. पुणे जिल्हा, तेव्हाचा भीमथडी तालुका, सुपे गाव. बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. पण त्या जमावाला हवं काय होतं, ते बघा. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि खातेवह्या. ते कागद बाहेर काढून जाळले. सावकाराच्या जिवावर उठण्यापेक्षा त्याच्या वहीवर उठलेली ही माणसं होती.

कारण सगळी मेख त्या वहीत होती. किती घेतलं, किती फेडलं, व्याज किती चढलं, हे सगळं एकाच बाजूच्या हातात. भरलेल्या पैशाची पावती नाही. कुळाने ‘माझं फिटलं’ म्हणावं आणि सावकाराने वही उघडून ‘अजून आहे’ म्हणावं. कोर्टात गेलं तर कोर्ट रोख्यावरचा अंगठा बघणार.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली ‘डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट’ आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात दोन गोष्टी फार मोलाच्या होत्या. एक, रोख्यावर काहीही लिहिलेलं असो, कोर्टाने व्यवहाराचा हिशेब पहिल्यापासून उघडून बघायचा. दोन, शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला लेखी पावती, मागितला तर वर्षाचा हिशेब आणि पासबुक मिळण्याचा हक्क. आज बँकेचं स्टेटमेंट आपण हक्काने मागतो, त्याची आपल्या मुलखातली एक पायरी ही आहे.

आता आपल्या बाजूला या. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड. इथे सावकारासोबत खोतही होता. कुळाने कबुलायत लिहून द्यायची आणि खोताने त्याच्यावर काय काय लादायचं ते लादायचं. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जमीन कसायलाच नकार दिला. आसपासची २५ गावं सामील झाली. संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या मागे उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. तो लढा जमिनीचा होता, गाडीच्या कर्जाचा नव्हे, हे मान्य. पण करार एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने निमूट सही करायची, या रीतीला आपल्या जिल्ह्याने एकदा सहा वर्षं उपाशीपोटी उत्तर दिलेलं आहे. तेवढं लक्षात असू द्या.

आता मूळ प्रश्न. लवकर फेडण्याचा हक्क कायद्यात होता का?

आपल्याकडे ‘दामदुपट’ हा जुना नियम. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. मुंबई इलाख्यातली कोर्टं तो हिंदू कर्जदारांना लावत आली. पण दामदुपट व्याजाला छप्पर घालते, मुदतीआधी सुटायचं दार उघडत नाही. जमिनीच्या गहाणाचा १८८२ चा कायदा सांगतो की गहाण सोडवून घ्यायचा हक्क मुद्दल देय झाल्यावर मिळतो. म्हणजे दहा वर्षांची मुदत लिहिली असेल, तर तिसऱ्या वर्षी पैसे घेऊन गेलात म्हणून सावकाराने ते घेतलेच पाहिजेत असं नाही. पुढच्या सात वर्षांचं व्याज ही त्याच्या दृष्टीने त्याची ठरलेली मिळकत. आजच्या फोरक्लोजर चार्जचं मूळ या विचारात आहे.

१९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने हा विचार मोडला. कर्जदार केव्हाही पैसे घेऊन सावकारापुढे उभा राहू शकतो, आणि सावकाराने घेतले नाहीत तर ते कोर्टात भरू शकतो. दामदुपटही त्या कायद्यात लिहून आली. २०१४ साली महाराष्ट्राने नवा सावकारी कायदा केला, त्यातही ही तरतूद राहिली.

मग माझ्या मित्राला हा कायदा का नाही? कारण तो सावकारासाठी आहे. बँका त्याच्या बाहेर. आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने १० मे २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं. खटला केरळचा होता, पण नियम सगळ्या देशाला.

म्हणजे गावातल्या सावकाराला जे बंधन, ते शोरूममध्ये टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्याला नाही. त्याच्यासाठी वेगळा कायदा हवा होता. तो झालाही होता! आता त्याची गोष्ट.

आपण सगळे म्हणतो, “आरसीवरची एचपी उतरवली का?” ही एचपी म्हणजे काय? कोणी म्हणेल हायपोथिकेशन, कोणी म्हणेल हायर परचेस. दोन्ही बरोबर. मोटार वाहन कायद्यात दोन्हींची नोंद एकाच कलमात होते. हायपोथिकेशनमध्ये गाडी तुमची, तिच्यावर बोजा त्यांचा. हायर परचेस म्हणजे भाडे-खरेदी. त्यात शेवटचा हप्ता भरेपर्यंत गाडी कंपनीची आणि तुम्ही नुसते भाडेकरू.

इंग्लंडमध्ये या भाडे-खरेदीने कामगार कुटुंबांची दैना केली होती. जवळजवळ सगळे हप्ते भरलेले असताना एक चुकला की माणसं येऊन सामान उचलून न्यायची. एलन विल्किन्सन या मजूर पक्षाच्या खासदार बाईंनी १९३८ साली त्यावर कायदा करून घेतला. निम्मी किंमत भरली की ग्राहक वस्तू परत देऊन करारातून बाहेर पडू शकतो, हे त्यात आलं. तिथे गाडीच्या अशा करारांना हा निम्म्याचा नियम आजही आहे.

आपल्या संसदेने १९७२ साली ‘हायर-परचेस अॅक्ट’ मंजूर केला. त्याचं नववं कलम वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. ग्राहकाने चौदा दिवसांची लेखी नोटीस द्यायची, उरलेले पैसे भरायचे आणि गाडी स्वतःची करायची. वर दंड सोडाच, उलट उरलेल्या मुदतीच्या व्याजावर सूट मिळणार. सूट किती? व्याजाच्या एकूण रकमेतला, बाकी हप्त्यांच्या प्रमाणात येणारा जो भाग, त्याचा दोन तृतीयांश.

मित्राच्या आकड्यांवर हे लावून बघू. पाच वर्षांचं एकूण व्याज १,६७,३२०. साठपैकी छत्तीस हप्ते बाकी, म्हणून व्याजाचा तेवढा भाग १,००,३९२. त्याचे दोन तृतीयांश ६६,९२८. बाकी हप्त्यांची बेरीज ४,००,३९२, त्यातून ही सूट वजा. भरायचे ३,३३,४६४ रुपये. फायनान्सवाल्यांनी मागितले ३,५४,६१९. फरक २१ हजारांहून जास्त. (डाऊन पेमेंट धरलं तर त्या सूत्राने सूट थोडी कमी होते, तरी दंडापेक्षा बरीच बरी.)

मग हा कायदा गेला कुठे? १९७३ साली तो अंमलात आणायची तारीख दोनदा ठरली आणि दोन्ही वेळा मागे घेतली गेली. नंतर बत्तीस वर्षं तो पुस्तकात पडून राहिला आणि २००५ साली संसदेने तो रद्द केला. एक दिवसही न चाललेला कायदा! तोवर धंदाही बदलला होता. आज बहुतेक गाड्या भाडे-खरेदीवर नसून हायपोथिकेशनच्या कर्जावर असतात. पण त्या कर्जासाठी तसं नववं कलम कोणी लिहिलं नाही.

मग रिझर्व्ह बँक काय करते? तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आपल्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रोह्याशी घरचं नातं असलेले. त्यामुळे तिच्याकडून आपली अपेक्षा जरा जास्तच. तिने पावलं टाकली, हे खरं. २०१२ साली बँकांच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवरचा हा दंड बंद झाला. २०१४ साली व्यक्तींच्या बदलत्या दराच्या सगळ्या मुदत कर्जांवरचा. २ जुलै २०२५ ला नवे निर्देश निघाले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांना ते लागू. त्यात छोट्या उद्योगांच्या धंद्याच्या कर्जांनाही बरंच संरक्षण आलं.

पण प्रत्येक वेळी शब्द तोच, ‘बदलता दर’. आणि गाडीचं कर्ज बहुतेक ठिकाणी स्थिर दराचं असतं. शहरातल्या फ्लॅटचं पन्नास लाखांचं कर्ज दंडाशिवाय फिटतं, खांबच्या माणसाचं गाडीचं पाच लाखांचं फिटत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेऊ. त्या म्हणतात, आम्हीही ठरलेल्या मुदतीसाठी पैसे उभे करतो, तुम्ही मध्येच परत दिले की ते पुन्हा कुठे लावायचे? यात तथ्य आहे. पण मित्राने दोन वर्षांत २,६६,९२८ रुपये भरले, त्यातले एक लाखाहून जास्त व्याजात गेले. मुदतीच्या चाळीस टक्के काळात एकसष्ट टक्के व्याज वसूल झालेलं आहे. बाकी मुद्दलावर व्याज बसतं म्हणून ते तसं होतं, त्यात लबाडी नाही. पण ज्याचं निम्म्याहून जास्त व्याज आधीच पोचलंय, त्याचं नुकसान भरून द्यायला पाच टक्केच का? सहा महिने उरले असतानाही तोच टक्का का? ते कुठल्या हिशेबाने ठरलं, हे विचारायचा हक्क आपल्याला हवा. १९७२ च्या कायद्यात निदान सूत्र लिहिलेलं होतं.

आज हातात काय आहे, ते सांगून थांबतो.

१. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं, आणि ते तुम्हाला समजेल अशा भाषेत. मराठीत मागा. लवकर फेडायचा दंड त्यात लिहिलेला असतो. सही करण्याआधी व्याजदरासारखाच त्याच्यावरही घासाघीस करा. गाडीचा रंग नंतर निवडा.

२. कर्ज १ जानेवारी २०२६ नंतरचं असेल आणि दंड त्या कागदात नसेल, तर तो लावता येत नाही.

३. बंद करण्याआधी लेखी फोरक्लोजर स्टेटमेंट घ्या. उरलेल्या व्याजाची बचत आणि दंड यांची वजाबाकी करा. मित्राची बचत साधारण ६५ हजार, दंड करासकट वीस हजार. म्हणजे दंड भरूनही फेडणं परवडतंच. मुदत संपत आली असेल तर परवडेलच असं नाही.

४. पैसे भरले की एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या आणि पेणच्या आरटीओत जाऊन एचपी उतरवा. नाहीतर गाडी विकताना दारोदार फिराल. घरच्या वापराच्या गाडीचं कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद आणि बोजा उतरवायची कारवाई झाली नाही, आणि चूक त्यांची असेल, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

५. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीचा नंबर १४४४८.

आणि आपल्या खासदारांना एक प्रश्न विचारा. १९७२ साली जे संसदेला पटलं होतं, ते आज गाडीच्या कर्जाला का लागू नाही?

मित्राने शेवटी पैसे भरले, दंडासकट. परवा पेणला जाऊन एचपी उतरवून आला. पावत्या, स्टेटमेंट, एनओसी सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलंय. सुप्याच्या लोकांनी सावकाराचे कागद जाळले, कारण त्यांच्याकडे स्वतःचा एकही कागद नव्हता. आपल्याकडे तेवढे तरी आहेत. जपून ठेवा.