वाघ्याची जहागीर

कुत्र्याला नाव ठेवायची वेळ आली की मराठी माणसाच्या ओठांवर पहिले नाव येते ते 'वाघ्या'. त्यातून पिलू पिवळसर अंगावर काळे आडवे पट्टे घेऊन जन्मलेले असेल तर विचारसुद्धा करावा लागत नाही. पट्टे हे काही एका जातीचे लक्षण नव्हे. काळा आणि पिवळा असे दोन रंग केसांत आलटून पालटून उतरले की ते उमटतात. साहेबाच्या ग्रेट डेनवर उमटतात तसेच उकिरड्यावरच्या गावठी कुत्रीच्या पिलावरही. तिकडे जेजुरीला जन्म वाहिलेला भक्तही वाघ्याच, आणि तो स्वतःला खंडोबाचे कुत्रे म्हणवून घेतो. दत्ताच्या पायांशी तर चार कुत्री, आणि त्यांना आपण चार वेद मानतो. नावाचे असे ऐश्वर्य, आणि ते नाव धारण करणाऱ्या प्राण्याच्या पाठीत मात्र धोंडा! या दोहोंत एवढे अंतर कसे पडले, हे इतिहासात शोधावे असे मला फार दिवस वाटत होते.

मी विंचूरला शाळेत शिकवितो. विंचूरकरांचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव, १७६१ च्या पानिपतात लढलेले. शाहू महाराजांच्या शिकारीत त्यांनी रानडुक्कर मारले, महाराजांची नजर त्यांच्यावर बसली आणि नशीब उघडले, अशी कथा सांगतात. याच शाहू महाराजांनी जहागिरीची एक सनद कुत्र्यालाही दिली होती! शिकारीत वाघापासून त्याने धन्याचा जीव वाचविला, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असे ग्रँट डफ आपल्या १८२६ सालच्या इतिहासात लिहितो. महाराजांनी भर दरबारात त्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, हेही तो सांगतो. मात्र बुद्धिभ्रमाचा नमुना म्हणून. लोकांनी त्यात भ्रम पाहिला नाही. त्यांनी त्या कुत्र्याचे खंड्या हे नाव जपले, आणि शाहू महाराजांची समाधी असलेल्या संगम माहुलीला कृष्णाकाठी त्याची दगडी मूर्ती अजून दाखवितात.

रायगडावरच्या वाघ्याची गोष्ट याहून प्रसिद्ध. शिवछत्रपतींच्या समाधीजवळ त्याचा पुतळा १९३६ साली उभा राहिला. समकालीन कागदांत त्या कुत्र्याला आधार सापडत नाही, म्हणून वाद झाला. २०१२ च्या ऑगस्टात पुतळा उतरविला गेला आणि पुन्हा बसविलाही गेला. वाद करणाऱ्यांनी करावा. माझ्या मनात येते ते निराळेच. दगडाच्या कुत्र्यासाठी दोन्ही बाजू कंबर कसतात. पण हाडामांसाच्या कुत्र्यासाठी मराठी मुलखात कोणी कधी कंबर कसली होती काय?

कसली होती, आणि तीही मुंबईत, १८३२ साली. मोकाट कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा नियम जुनाच होता. त्याची मुदत ठराविक दिवसांची असे. त्या वर्षी ती वाढविण्यात आली. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्यामुळे शिपायांच्या काठीला जोर चढला. पाळलेली कुत्रीही सुटेनात. ६ जूनला पारशांचा पवित्र दिवस, आणि पारशांच्या धर्मात कुत्र्याचे स्थान मोठे. प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पडल्यावाचून त्यांचा अंत्यविधी पुरा होत नाही. त्या दिवशी लोक शिपायांवर तुटून पडले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही सामील झाले, आणि कोटातल्या गोऱ्यांचे अन्नपाणी अडले. लष्कर आले, माणसे पकडली गेली.

दंगा दोन दिवसांत शमला. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे घडले ते पुढे. सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद या दोघांनी पुढाकार घेऊन १८३४ साली मुंबईचा पांजरापोळ उभा केला. त्याच्या खर्चासाठी महाजनांनी व्यापाराच्या मालावर स्वखुशीने लागा बसवून घेतला. आमच्या लासलगाव-विंचूरच्या बाजारात वावरलेल्या माणसाला याचे मर्म वेगळे सांगायला नको. रस्त्यावर धोंडे फेकणारा राग दोन दिवस टिकला. वहीत मांडलेली दया पावणेदोनशे वर्षांहून अधिक टिकली आहे.

पण वहीला दुसरीही बाजू असते. आमच्या शाळेच्या वाटेवर एक पट्टेरी कुत्री आहे. पोरे तिला डब्यातली भाकरी घालतात. मागे एका मुलाच्या पोटरीला दुसऱ्याच कुत्र्याने तोंड घातले, तेव्हा त्याची आई मला म्हणाली, "मास्तर, दया तुमची, पाय माझ्या पोराचा!" या बाईला उत्तर दिल्यावाचून कुत्र्याच्या बाजूने बोलण्याचा अधिकार कोणाला नाही.

१८३२ साली उत्तर नव्हते. पिसाळलेले कुत्रे चावले की वाट पाहायची, एवढेच हाती होते. १८८५ साली पाश्चरने लस टोचून एका मुलाला वाचविले, तेव्हापासून उत्तर आहे. जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचे. कारण रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. कुत्र्याच्या बाजूचे उत्तरही ठरलेले आहे. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांनी मारण्याऐवजी निर्बीजीकरण करून, लस टोचून कुत्रे होते त्याच जागी सोडायला सांगितले. मारून जागा मोकळी केली तर अन्नाच्या वासाने दुसरी, बिनलसीची कुत्री येतात, हे त्यामागचे गणित. २०२५ च्या ऑगस्टात दिल्लीतील सारी मोकाट कुत्री निवाऱ्यांत कोंडण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला: पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची लस टोचून परत सोडावीत, असे ठरले. एवढ्या कुत्र्यांना पुरतील असे निवारे होते कोठे?

निवाऱ्याला मर्यादा असते. म्हणून अखेरीस प्रश्न येतो तो घराच्या दाराशी. निवाऱ्यात जाऊन पिलू आणणारा माणूस दोन जीवांची सोय करतो: आणलेल्याची, आणि त्याच्या रिकाम्या जागी येणाऱ्याची. अंगावरचे पट्टे पाहून कोणाचे मन गेले तर मी हसणार नाही. डोळ्यांना वाघ दिसल्यावाचून पुष्कळांचा हात पुढे होत नाही. पण पट्टे एका नजरेत पाहून होतात, लस दरवर्षी टोचावी लागते आणि भाकरी रोज लागते.

शाहू महाराजांच्या कुत्र्याला जहागीर मिळाली; एवढी ऐपत तुमची आमची नाही. दोन वेळच्या तुकड्याची, लशीच्या कागदाची आणि ओसरीच्या एका कोपऱ्याची सनद मात्र कोणालाही देता येते, आणि त्या पोराच्या आईलाही तिच्यावर हरकत घेता येणार नाही.