क्रॉप सेन्सर की फुल फ्रेम? नवा कॅमेरा घेण्याआधी हे समजून घ्या

फोटोग्राफी जरा मनावर घेतली की एक सल्ला हमखास मिळतो, 'आता फुल फ्रेम घे!' पण लाखाच्या घरातला हा खर्च करण्याआधी तो नक्की कशासाठी करतोय, हे माहीत असायला हवं.

फरक नेमका काय?

कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी चिप म्हणजे सेन्सर. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या एका फ्रेमएवढा असतो. क्रॉप सेन्सर म्हणजे एपीएस-सी. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मचा साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, तर कॅननचा त्याहून किंचित लहान.

क्रॉपवर झूम वाढतो का?

नाही. लेन्स तीच राहते. लहान सेन्सर चित्राचा फक्त मधला भाग टिपतो, म्हणून विषय जवळ आल्यासारखा वाटतो. ३०० एमएमची लेन्स क्रॉपवर ४५० एमएमसारखी दिसते, कॅननवर ४८०. ताडोबातला वाघ किंवा भिगवणचे फ्लेमिंगो टिपताना हा फायदाच आहे. पण गडावरून अख्खी दरी एका फ्रेममध्ये घ्यायची असेल, तर हाच तोटा ठरतो.

कमी प्रकाशात कोण सरस?

फुल फ्रेम. त्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त असल्यामुळे त्याच सेटिंगला एकूण प्रकाश जास्त मिळतो आणि फोटोत दाणे कमी दिसतात. दोन्ही कॅमेरे एकाच पिढीतले असतील, तर हा फरक साधारण एका स्टॉपचा असतो. पार्श्वभूमीही जास्त धूसर करता येते.

आता लेन्सचं गणित बघा. १८-५५ ची किट लेन्स ५५ एमएमला एफ ५.६ पर्यंतच उघडते. त्याऐवजी ५० एमएम एफ १.८ लावली, तर जवळपास दहापट प्रकाश आत येतो! आणि ही लेन्स फुल फ्रेम बॉडीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते.

जुन्या लेन्सचं काय?

इथे बरेच जण फसतात. निकॉन आणि सोनीच्या क्रॉप लेन्स त्याच माउंटच्या फुल फ्रेम बॉडीवर बसतात, पण पूर्ण सेन्सर वापरता येत नाही. २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. कॅननच्या ईएफ-एस लेन्स तर फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. म्हणजे बॉडीसोबत लेन्सचाही खर्च धरा.

मग काय घ्यावं?

लग्नं, स्टेज शो, रात्रीचं आकाश हे तुमचं नेहमीचं काम असेल, तर फुल फ्रेमचे पैसे वसूल होतात. पक्षी, वन्यजीव, भटकंती किंवा बजेट कमी असेल, तर क्रॉप बॉडी आणि चांगली लेन्स उत्तम.

तरी ठरत नसेल, तर वर्षभरात बाद केलेले फोटो उघडून बघा. बहुतेक फोटो दाण्यांमुळे गेले असतील, तर फुल फ्रेमचा विचार करा. फोकस किंवा फ्रेमिंग चुकल्यामुळे गेले असतील, तर नवा कॅमेराही तेच फोटो देईल.