बोडा-बोडा: कंपालाच्या थांब्यावरचा कायदा

युगांडाची राजधानी कंपाला येथे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटारसायकलीला ‘बोडा-बोडा’ म्हणतात, आणि या धंद्याचा उगम त्याच्या नावातच सापडतो. युगांडा व केनिया यांच्या सरहद्दीवरील बुसिया येथे दोन देशांच्या चौक्यांमध्ये सुमारे अर्ध्या मैलाचा निर्मनुष्य पट्टा होता. कागदपत्रांवाचून मोटार त्यात नेता येत नसल्यामुळे १९६० च्या दशकात सायकलवाले कॅरिअरवर गादी बांधून प्रवासी आणि त्यांची बोचकी पलीकडे पोचवू लागले व ‘बॉर्डर, बॉर्डर’ अशी हाळी देऊ लागले, आणि तिथल्या उच्चारात त्या हाळीचे ‘बोडा-बोडा’ झाले. १९७२ साली इदी अमीनने आशियाई वंशाच्या लोकांना देशाबाहेर काढल्यावर बाजारपेठ कोलमडली, साबणापासून साखरेपर्यंत सारेच दुर्मिळ झाले, आणि ‘मागेंडो’ या नावाने ओळखला जाणारा चोरटा व्यापार वाढला. सरहद्दीवरच्या या सायकलींना त्या काळात काम कमी पडले नाही.

सायकलीची जागा मोटारसायकलीने घेतली ती १९९० च्या दशकात, आणि त्यामागे केवळ यंत्राची सोय नव्हती. देशातील यादवी बऱ्याच अंशी शमल्यानंतर त्या दशकात सैन्यकपात व सरकारी नोकरकपात झाली, खेड्यांतून तरुण राजधानीकडे येत राहिले, आणि टेकड्यांवर वसलेल्या, अरुंद व कच्च्या गल्ल्यांच्या या शहरात चौदा आसनी गाड्या मुख्य रस्त्यांपुरत्याच धावत असल्याने शेवटचा मैलभर रस्ता माणसाला पायी तुडवावा लागे. ही उणीव मोटारसायकलीने भरून काढली. पुढे पुण्याच्या बजाज ऑटोची ‘बॉक्सर’ ही स्वस्त, लांब आसनाची आणि दुरुस्तीला सोपी गाडी या धंद्यात इतकी रुळली की कंपालाच्या रस्त्यावर तीच सर्वाधिक दिसू लागली. तिच्यावर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली ‘गोमेसी’ नेसलेली स्त्री हे तिथले नित्याचे दृश्य आहे. रुंद पट्ट्याचा व टोकदार खांद्यांचा तो पायघोळ पोशाख ज्याच्या नावाने ओळखला जातो तो गोमेस हा मूळचा गोव्याचा शिंपी होता. पायघोळ पोशाखात एका बाजूला बसणे शिष्टाचाराला धरून असले, तरी वळणावर तोल जाण्याचा धोका त्यातच असतो.

या धंद्याला कोणताच कायदा नव्हता, हा समज मात्र तपासून पाहायला हवा. चौकात किंवा झाडाच्या सावलीत जिथे चालक गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे राहतात त्या जागेला ‘स्टेज’ म्हणतात, आणि तिचा अर्थ नुसत्या थांब्यापेक्षा मोठा आहे. स्टेजला अध्यक्ष, सचिव व खजिनदार असतात. नव्या चालकाला प्रवेशशुल्क भरावे लागते आणि त्याच्यासाठी जुन्या कोणीतरी शब्द टाकावा लागतो. परक्या स्टेजच्या चालकाला तिथे प्रवासी उतरवता येतो, पण तिथून उचलता येत नाही. कोणी चोरी केली तर जाब स्टेजला द्यावा लागतो, कोणी अपघातात गेला तर वर्गणीही स्टेजच काढते. अनेक चालक गाडीचे मालक नसतात आणि मालकाला ठरलेली रक्कम देऊन उरेल त्यावर घर चालवतात, म्हणून त्यांच्या दृष्टीने स्टेजवरील जागा हीच खरी मिळकत असते. हे नियमन अपुरे होते, कारण हेल्मेट, वेग आणि प्रवाशांची संख्या यांवर स्टेजचा अंकुश नव्हता. पण ते जिवंत होते.

शासनाचे नियम वरून आले. १९९८ चा वाहतूक व रस्ता सुरक्षा कायदा आणि त्याखालील २००४ चे मोटारसायकलविषयक नियम यांनी हेल्मेट सक्तीचे केले, परंतु रस्त्यावर ती सक्ती फारशी उतरली नाही. नगरपालिकेने बोडांवर कर बसवण्याचे प्रयत्न केले, तेव्हा चालकांनी थेट राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांच्याकडे धाव घेतली, आणि तरुण मतदारांचा एवढा मोठा गट निवडणुकीच्या तोंडावर दुखावणे सत्तेला परवडणारे नसल्याने कर मागे पडले. या तडजोडीत चालकांची तात्पुरती सुटका झाली, पण त्यांचा जीव सुरक्षित झाला नाही. मुलागो या सरकारी रुग्णालयातील अस्थिभंगाच्या खाटांवर बोडाचे चालक व प्रवासी पडून राहिले, आणि या हानीचा हिशेब कोणत्याही निवडणुकीत मांडला गेला नाही.

२०११ साली नगरपालिकेच्या जागी कंपाला राजधानी प्राधिकरण आले. त्याने चालकांच्या नोंदणीचे प्रयत्न केले, पण कोणाच्या यादीला मान्यता द्यायची यावरून परस्परविरोधी संघटनांचे वाद सुरूच राहिले. ‘बोडा बोडा २०१०’ या सत्ताधाऱ्यांच्या जवळच्या संघटनेचा दरारा तर एवढा वाढला की अखेर २०१८ साली तिच्या प्रमुखाला अटक झाली. याच काळात, २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘सेफबोडा’ या खासगी सेवेने चालकाच्या जाकिटावर ओळख क्रमांक छापला आणि प्रवाशासाठी दुसरे हेल्मेट सोबत ठेवायला लावले. कायद्याला दहा वर्षांत न साधलेली ही गोष्ट तिला साधली, कारण तिने चालकाला भाडे मिळवून दिले आणि शिस्त त्या भाड्याशी बांधली.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे बोडावर प्रवासी बसवण्यास बंदी आली, तेव्हा चालकांनी पाठीमागे केळीचे घड आणि पोती बांधून दिवस काढले. जुलैत बंदी उठली, आणि प्राधिकरणाने शहराच्या मध्यभागातून बोडांना दूर ठेवण्याची योजना मांडताना स्टेजच्या जागा ठरवून त्यांची नोंद करण्याचे कामही हाती घेतले. मध्यभागातील बंदी रस्त्यावर टिकली नाही. स्टेज मात्र ज्या चौकांत होत्या तिथेच राहिल्या, आणि त्यांचे अध्यक्ष नव्या चालकाचे शुल्क पूर्वीप्रमाणेच घेत राहिले.