रेडिओ बंद झाल्यावर

इ. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा १९०९ साली प्रसिद्ध झाली. त्या वेळी दूरचित्रवाणी नव्हती, रेडिओचे कार्यक्रमही सुरू व्हायचे होते. कथेतली माणसे जमिनीखाली, पोळ्यातल्या मधमाश्यांसारखी, पण एकेका खोलीत एकेकटी राहतात. बटण दाबले की अन्न, प्रकाश, संगीत हजर. वाष्टी नावाची बाई खोलीत बसूनच यंत्रावरून व्याख्यान देते. श्रोते आपापल्या खोलीत ऐकतात. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला राहणारा तिचा मुलगा म्हणतो, मला तुला प्रत्यक्ष भेटायचे आहे. तिला ही मागणीच चमत्कारिक वाटते. शेवटी यंत्र बंद पडते, आणि माणसेही त्याच्याबरोबर संपतात.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्यापैकी अनेकांची वाष्टी झाली. मोबाइलच्या पडद्यावर मुलांची नावे दिसत, चेहरे नाहीत. जिंतूर-सेलूकडच्या एखाद्या खेड्यातून तर नावही दिसत नसे, कारण घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर शेतात गेलेला असे.

मग फॉर्स्टर खरा ठरला का? घाईने हो म्हणण्याआधी आपल्याच राज्यात झालेला एक प्रयोग आम्हाला आठवतो. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. (परभणी जिल्हा १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून आपली गावे त्यात नव्हती.) आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून शेतीविषयी, आरोग्याविषयी ऐकत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला लागायचे! आपल्या रानात हे जमेल का, पैसा कुठून आणायचा, यावर चर्चा होई. मंडळाच्या शंका लिहून केंद्राकडे जात आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत.

प्रयोगाची पारख टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांनी केली. त्यांनी तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र वाढ फारच थोडी होती. विज्ञानाच्या तासाला ‘नियंत्रित प्रयोग’ समजावून सांगताना हे उदाहरण जरूर वापरावे. अर्थात, बाहेरून आलेल्या संघटकांमुळे गावात जो उत्साह संचारला असेल, त्याचाही वाटा यात असणार असे आम्हाला वाटते.

१९५९पासून ही मंडळे देशभर सुरू झाली. परभणीलाही पुढे आकाशवाणी केंद्र आले. १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शेतकऱ्याला सल्ला देणारा तज्ज्ञ आता जवळच होता. पण त्याच काळात ट्रान्झिस्टर स्वस्त झाले. चावडीवरचा रेडिओ घरात आला, मग बैलगाडीत आणि मळ्यातही गेला. ऐकण्यासाठी चार माणसांनी एका जागी जमण्याचे कारण उरले नाही.