बायोम्फलारिया ग्लाब्राटाचा जीनोम

बायोम्फलारिया ग्लाब्राटा ही गोड्या पाण्यात राहणारी गोगलगायीची एक प्रजाती आहे. माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा मॅन्सोनी या परजीवी कृमीची ती अमेरिका खंडातील प्रमुख मध्यस्थ पोशिंदा होय. या कृमीमुळे शिस्टोसोमियासिस किंवा बिल्हार्झिया हा रोग होतो. या गोगलगायीच्या संपूर्ण जीनोमचे, म्हणजेच तिच्या पेशीतील सर्व आनुवंशिक माहितीचे, विश्लेषण मे २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पार्श्वभूमी

जर्मन वैद्य थिओडोर बिल्हार्झ यांना १८५१ मध्ये कैरो येथे शवविच्छेदन करताना रक्तवाहिन्यांत राहणारे कृमी आढळले. हा रोग माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे मात्र पुढे अनेक दशके उलगडले नव्हते. १९१३ मध्ये जपानमध्ये मियाइरी व सुझुकी यांनी तेथील शिस्टोसोमाची वाढ गोगलगायीच्या शरीरात होते, हे दाखवून दिले. त्यानंतर १९१५ मध्ये रॉबर्ट लायपर यांनी इजिप्तमधील कृमींच्या बाबतीत बायोम्फलारिया व बुलिनस या प्रजातींच्या गोगलगायींची भूमिका स्पष्ट केली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये किमान २५.१४ कोटी लोकांना या रोगावर प्रतिबंधात्मक उपचारांची गरज होती. त्यांपैकी बहुसंख्य लोक आफ्रिकेत राहतात. प्राझिक्वांटेल हे औषध शरीरातील प्रौढ कृमी मारते, परंतु पुन्हा होणारा संसर्ग रोखू शकत नाही. बरा झालेला मुलगा त्याच तळ्यात पोहायला उतरला, तर त्याला पुन्हा लागण होऊ शकते. त्यामुळे रोगनियंत्रणात गोगलगायीचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

परजीवीचे जीवनचक्र

रोग्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी पाण्यात पडतात. त्यांतून बाहेर पडलेली मिरासिडियम नावाची डिंभके गोगलगायीच्या शरीरात शिरतात. तेथे त्यांचे अलैंगिक प्रजनन होते आणि साधारणपणे चार ते पाच आठवड्यांनी सर्केरिया नावाची शेपटीयुक्त डिंभके पाण्यात उतरू लागतात. एकाच मिरासिडियमपासून हजारो सर्केरिया निर्माण होऊ शकतात. ही डिंभके पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. प्रौढ कृमी आतड्यांच्या शिरांमध्ये राहतात. यकृत व आतड्यांत अडकलेल्या अंड्यांमुळे मुख्य इजा होते.

मिरासिडियम शिरले म्हणजे लागण झालीच, असे नसते. काही गोगलगायींच्या रक्तातील पेशी परजीवीला वेढून नष्ट करतात, तर त्याच प्रजातीच्या इतर गोगलगायींमध्ये तो निर्वेधपणे वाढतो. हा फरक मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. तो कोणत्या जनुकांमुळे पडतो, हा या संशोधनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

जीनोमचे वाचन

या प्रकल्पासाठी ब्राझीलमधून आणलेल्या ‘बीबी०२’ या वाणाच्या गोगलगायी वापरण्यात आल्या. न्यू मेक्सिको विद्यापीठातील कोएन अडेमा यांच्या पुढाकाराने अनेक देशांतील शंभराहून अधिक संशोधकांनी हे काम केले. जुळवलेल्या जीनोमची लांबी सुमारे ९१.६ कोटी बेस जोड्या, म्हणजे मानवी जीनोमच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमी, भरली. त्यातील सुमारे ४५ टक्के भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या अनुक्रमांचा असल्यामुळे तुकड्यांची जुळणी अवघड झाली. या प्रजातीत गुणसूत्रांच्या १८ जोड्या असतात. परजीवी शिस्टोसोमा मॅन्सोनीचा जीनोम २००९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे आता परजीवी व पोशिंदा अशा दोन्ही बाजूंचा एकत्र अभ्यास करणे शक्य झाले.

प्रतिकारशक्तीविषयीचे निष्कर्ष

पृष्ठवंशी प्राण्यांप्रमाणे गोगलगायींमध्ये प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तथापि त्यांच्या रक्तद्रवात फायब्रिनोजेनशी साम्य असणारी, ‘फ्रेप’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी प्रथिने असतात. ती परजीवीच्या घटकांना चिकटतात. या प्रथिनांच्या जनुकांत एकाच गोगलगायीच्या शरीरातही विविधता निर्माण होते, हे २००४ मध्ये दिसून आले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ‘फ्रेप ३’ या प्रथिनाची निर्मिती कमी केली असता, एरवी परजीवीला दाद न देणाऱ्या गोगलगायींचा प्रतिकार दुबळा झाला. संपूर्ण जीनोम हाती आल्यामुळे अशी जनुके सुटीसुटी न तपासता त्यांचे समूह व गुणसूत्रांवरील स्थाने अभ्यासणे सोपे झाले. गंधसंवेदन, ताण सहन करण्याची क्षमता आणि प्रजनन यांच्याशी निगडित जनुकांचीही नोंद या अभ्यासात झाली.

नंतरचे संशोधन

शिस्टोसोमा हिमॅटोबियम या मूत्रमार्गाच्या रोगास कारणीभूत कृमीची पोशिंदा असलेल्या बुलिनस ट्रंकेटस या गोगलगायीचा जीनोम २०२२ मध्ये, तर आफ्रिकेतील बायोम्फलारिया फायफरी हिचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

उपयोग व मर्यादा

गोगलगायींच्या नाशासाठी वापरले जाणारे निक्लोसामाइड हे रसायन माशांनाही घातक आहे. जीनोमच्या आधारे केवळ या गोगलगायींवर परिणाम करणारी द्रव्ये शोधणे, किंवा परजीवीला प्रतिकार करणाऱ्या गोगलगायींचे प्रमाण वाढवणे, असे पर्याय विचाराधीन आहेत. मात्र बायोम्फलारिया ग्लाब्राटा उभयलिंगी असून तिच्यात स्वफलनही होते. इष्ट जनुक संकराद्वारे पसरवण्याच्या पद्धतीला त्यामुळे मर्यादा पडते. शिवाय एका परजीवीला रोखणारे जनुक दुसऱ्या वाणाच्या परजीवीपुढे निष्प्रभ ठरू शकते. म्हणून स्वच्छ पाणी, शौचालये आणि औषधोपचार यांना हे संशोधन पूरक आहे, पर्याय नव्हे.

महाराष्ट्राशी संबंध

भारतात हा रोग दुर्मीळ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे स्थानिक रुग्ण आढळल्याची नोंद गाडगीळ व शाह यांनी १९५२ मध्ये केली. फेरिसिया टेनुइस ही लहान, टोपीच्या आकाराच्या कवचाची गोगलगाय तेथील मध्यस्थ पोशिंदा असल्याचे मानले गेले. ती बायोम्फलारियाहून वेगळी आहे. त्यामुळे वर दिलेले निष्कर्ष तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत.