सोलापुरी कापडाचा रंग आणि रामन वर्णपट

सोलापूर हे चादरी आणि टॉवेलांचे शहर. दोन चादरींवरील निळा रंग डोळ्यांना सारखाच दिसतो. पण दोहोंतील रंगद्रव्य एकच आहे की वेगळे, हे नजरेने कळत नाही. रासायनिक तपासणीसाठी बहुधा धाग्यातून रंग विरघळवून काढावा लागतो. जुने, दुर्मिळ वस्त्र असेल तर हे शक्य नसते. अशा वेळी कापड न कापता तपासणी करता येते, ती रामन वर्णपटविज्ञानाने.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने १९२८ मध्ये कोलकाता येथे या परिणामाचा शोध लावला. १९३० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

तत्त्व काय?

पदार्थावर एकाच तरंगलांबीचा प्रकाश टाकला, तर विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच तरंगलांबीचा राहतो. साधारणपणे एक कोटीत एखादाच प्रकाशकण रेणूच्या कंपनांशी ऊर्जेची देवघेव करतो आणि बदललेल्या तरंगलांबीने बाहेर पडतो. हा बदल रेणूच्या रचनेनुसार ठरतो. म्हणून तो पदार्थाची ओळखखूण होय.

उपकरण आणि दक्षता

लेसरचा किरण नमुन्यावर पडतो. मूळ तरंगलांबीचा प्रकाश फिल्टर अडवतो. उरलेला प्रकाश बारीक फटीतून स्पेक्ट्रोग्राफमध्ये शिरतो. तेथे ग्रेटिंग त्याच्या तरंगलांब्या अलग करते आणि सीसीडी कॅमेरा त्यांची नोंद घेतो.

रंगीत कापडाची मोठी अडचण म्हणजे अनुस्फुरण. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरने अनेक रंगद्रव्ये स्वतःच चमकू लागतात आणि क्षीण रामन संकेत त्यात बुडून जातो. ७८५ नॅनोमीटरचा लेसर वापरल्यास ही चमक घटते. मात्र संकेतही सुमारे एकपंचमांश उरतो. त्यामुळे नोंदीस अधिक वेळ द्यावा लागतो. लेसरची शक्ती वाढवणे धोक्याचे, कारण गडद धागा जळू शकतो.

दुसरी दक्षता अंशशोधनाची. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. खोलीचे तापमान बदलले की उपकरणाचे भाग किंचित सरकतात. म्हणून प्रत्येक मोजणीपूर्वी सिलिकॉनची रेषा ५२०.५ प्रति सेंटीमीटर येथेच येते, याची खात्री करावी.

मर्यादा

नैसर्गिक आणि कृत्रिम निळीतील मुख्य रेणू एकच असतो. त्यामुळे रामन वर्णपट नीळ ओळखतो. ती शेतातून आली की कारखान्यातून, हे केवळ त्यावरून सिद्ध होत नाही. ‘नैसर्गिक रंग’ या दाव्यासाठी इतर चाचण्यांची जोड आवश्यक ठरते.