कण्हाचा शिष्य बलक आणि नववीचा प्रकल्प

कोंदिवडे गाव मागे पडलं की राजमाचीच्या पायथ्याचं रान सुरू होतं. उल्हास नदीच्या या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पाणी थेट लेण्यांच्या तोंडावर कोसळतं आणि मुंबईहून आलेली माणसं धबधब्याचे फोटो काढून परत जातात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, डाव्या अंगाला, एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे. तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. भाषा प्राकृत, काळ इसवी सनापूर्वीचा. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच तीत म्हटलं आहे.

मी कर्जत तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. नववीच्या मुलांकडून परिसराच्या इतिहासावर प्रकल्प करून घेते, आणि अलीकडे या प्रकल्पांत एआय आलं आहे. मुलांनी ते वापरावं की वापरू नये, यावर शिक्षकांच्या बैठकांत बरंच बोललं जातं. माझं म्हणणं मी बलकापासून सुरू करते. हे कोणाकडून आलं ते सांगण्याची रीत आपल्याकडे संगणकाबरोबर आलेली नाही. कर्जत आणि खालापूरचा लिहिलेला इतिहास नीट चाळला तर ती रीत कुठे पाळली गेली आणि कुठे सुटली, हे इथल्या इथेच दिसतं.

बलकाने एका ओळीत दोन गोष्टी नोंदवल्या: काम माझं आहे, आणि मी कण्हाकडे शिकलो. हा कण्ह कोण होता, हे त्या ओळीवरून कळत नाही. पण तो होता, एवढं आपल्याला ठाऊक आहे, कारण शिष्याने त्याचं नाव गाळलं नाही. वर्गात मी हा लेख फळ्यावर लिहिते आणि विचारते, त्याने फक्त स्वतःचं नाव लिहिलं असतं तर आपलं काय गेलं असतं? मुलं बराच वेळ गप्प बसतात आणि मग फार चांगली उत्तरं देतात.

त्यानंतर एकदम एकोणिसाव्या शतकात येते. मुंबई इलाख्याची गॅझेटिअर्स जेम्स कॅम्पबेल यांनी तयार करवून घेतली. इलाखाभर प्रश्न पाठवायचे, कलेक्टर, मामलेदार, स्थानिक जाणकार यांच्याकडून माहिती मागवायची आणि ती जुळवायची, अशी ती पद्धत होती. ज्यांनी मजकूर पुरवला त्यांची नावं ग्रंथात दिलेली आहेत, तळटिपाही भरपूर आहेत. कुलाबा जिल्ह्याचा खंड १८८३ चा. आता नववीतलं हुशार मूल आपल्या रायगड जिल्ह्याचं जुनं नाव कुलाबा हे लक्षात ठेवून त्या खंडात कर्जत शोधायला जातं आणि रिकाम्या हाताने परत येतं. कारण त्या वेळी कर्जत तालुका आणि त्यातला खालापूर पेटा ठाणे जिल्ह्यात होते. कर्जत कुलाब्यात आलं १८९१ मध्ये, आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. म्हणजे कोंडाणे लेणी, माथेरान, बोरघाट यांविषयीचं जुनं लिखाण पाहायचं तर १८८२ चे ठाण्याचे खंड उघडावे लागतात.

हे लिखाण कुठे मिळेल असं मुलांनी एआयला विचारलं तेव्हा त्याने कुलाब्याच्या खंडाचं नाव तर दिलंच, वर पान क्रमांकही दिला. दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटिअर्स संगणकावर वाचायला खुली केली आहेत. तिथे मुलांनी ते पान उघडलं तर विषय भलताच. मुलं चिडली, यंत्र खोटं बोललं म्हणाली. मी त्यांना समजावलं की खोटं बोलायला आधी खरं काय ते माहीत असावं लागतं. हे यंत्र अफाट मजकुरावर शिकलेलं असतं आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे पाहत वाक्य जुळवतं. संदर्भ कसा दिसतो हे त्याला उत्तम कळतं, म्हणून ते संदर्भासारखं दिसणारं काहीतरी देतं. काही एआय आता इंटरनेटवर शोधून दुवेही देतात. तरीही दुवा उघडून वाचण्याचं काम आपलंच राहतं.

या बाबतीत मला वि. का. राजवाडे यांचा फार आधार वाटतो. घराणं मूळचं आपल्याच जिल्ह्यातल्या, पेण तालुक्यातल्या वरसईचं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. गावोगाव फिरून, जुनी दप्तरं सोडवून, अक्षर न अक्षर उतरवून त्यांनी अस्सल कागद छापले. बखरींवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि कारण स्पष्ट होतं: बखर घटनेनंतर बऱ्याच काळाने, ऐकीव गोष्टी जोडून लिहिलेली. भाषा ठसकेबाज, सांगणं रसाळ, पण कोणी पाहिलं आणि कोणाकडून ऐकलं याचा पत्ता नाही. एआयचं उत्तर हातात आलं की मी मुलांना सांगते, ही आजची बखर आहे. बखर फेकून द्यायची नसते. ती वाचायची, तिच्यातून प्रश्न काढायचे आणि मग कागद शोधायला निघायचं.

खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीवर हा प्रयोग चांगला होतो. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान लोणावळ्याकडून कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता. चावणी गावाजवळच्या दाट रानात शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला दोन्ही बाजूंनी कोंडलं. त्याच्याबरोबर मोगलांकडची सरदार स्त्री रायबागन होती. तिच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सामानसुमान टाकून परतला. आज अंबा नदीच्या काठी तिथे विजयस्मारक आहे. दोन मुलींनी दोन मोबाईलवर एकाच वेळी खानाच्या सैन्याचा आणि मेलेल्यांचा आकडा विचारला. आकडे दोन आले, दोन्ही ठाम. मग आम्ही मुळाकडे गेलो. या लढाईचं सविस्तर वर्णन येतं कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात. ते संस्कृत काव्य स. म. दिवेकर यांनी तंजावरहून मिळवलं आणि मराठी भाषांतरासह १९२७ मध्ये प्रसिद्ध झालं. परमानंद महाराजांच्या आश्रयाचा कवी, म्हणजे जवळचा साक्षीदार. पण कवी, आणि एका बाजूचा. काव्यातली गर्दी मोजून आकडा लिहायचा का? मुलींनी वहीत लिहिलं की नक्की संख्या देता येत नाही. माझ्या मते तो त्या वर्षीच्या सगळ्या प्रकल्पांतला सर्वांत खरा शेरा होता, आणि मी त्याला पूर्ण गुण दिले.

कातकऱ्यांचं प्रकरण यापेक्षा अवघड. कर्जत-खालापूरच्या वाड्यावाड्यांत कातकरी राहतात. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा त्यांचा पूर्वापारचा धंदा, पुढे जंगल कायद्यांनी आणि लाकूडतोडीच्या बंधनांनी तो हातचा गेला. कोळशाच्या भट्ट्या, वीटभट्ट्या, उचल घेऊन मजुरी, हे नंतरचं. आज केंद्र सरकारच्या यादीत ते विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत मोडतात. एका गटाने १८८२ च्या गॅझेटिअरमधला कातकऱ्यांवरचा इंग्रजी मजकूर एआयकडून मराठीत करून घेतला. भाषांतर सफाईदार होतं. त्यात साहेबी काळातले चोरीचे, दारूचे, आळसाचे शेरेही सफाईने आले, आणि हे कोणी, कधी, कोणत्या खुर्चीत बसून लिहिलं ते मात्र वाटेत गळून गेलं. चार्टवर तो मजकूर ‘माहिती’ या मथळ्याखाली चिकटला. त्याच वर्गात कातकरी वाडीतला एक मुलगा बसतो.

मी तो चार्ट उतरवला आणि दोन तास त्यावरच बोलले. सरकारी अंमलदाराने जंगल कायद्याच्या काळात लिहिलेलं वाक्य आणि वाडीतल्या म्हाताऱ्या आजींनी सांगितलेली भट्टीची हकिगत, दोन्ही साधनं आहेत. दोन्हींवर सांगणाऱ्याचं नाव आणि काळ हवा. नाव काढलं की साहेबाचं मत वस्तुस्थिती बनून बसतं. एआयमुळे मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. मुलांनी आयतं उत्तर उतरवलं तर त्यांचं नुकसान होतं, ते भरून काढता येतं. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा एखादा कलंक नव्या, गुळगुळीत मराठीत पुन्हा छापला गेला तर ज्याच्यावर छापला त्याने कोणाकडे दाद मागायची? मुलांनी नंतर तो तक्ता पुन्हा केला. एका बाजूला गॅझेटिअरचं वाक्य, वर्षासह. दुसऱ्या बाजूला वाडीतल्या लोकांचं म्हणणं, त्यांना विचारून घातलेल्या नावांसह. भाषांतर एआयने केल्याची नोंदही खाली होती.

विचारून, हा शब्द मी मुद्दाम लिहिला. वाडीत जाऊन मोबाईलवर बोलणं टिपायचं, फोटो काढायचे आणि ते सरळ एआयमध्ये टाकून ‘याचा सारांश कर’ म्हणायचं, हे मुलांना इतकं सोपं झालं आहे की त्यात काही विचारण्यासारखं आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. आजींचा आवाज कुठल्या कंपनीच्या संगणकावर गेला, हे आजींना कसं कळणार? युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये एआयविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केलं त्यात वर्गात अशी साधनं वापरायला किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली आहे. आपल्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. म्हणून आमच्याकडे मूल स्वतःच्या मोबाईलवर खातं उघडत नाही. शाळेच्या संगणकावर, मी समोर असताना, गटाने विचारायचं. माणसांची नावं, आवाज, चेहरे आत जात नाहीत.

इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. खालापूर तालुक्यातली ठाकरवाडी ती. आमच्या काही मुलांचे नातलग, ओळखीचे त्या परिसरातले. एका मुलाने त्या रात्रीचं चित्र एआयकडून करून प्रकल्पात लावायची परवानगी मागितली. उंबरखिंडीचं काल्पनिक चित्र मी चालवून घेतलं होतं, खाली ‘एआयने केलेलं काल्पनिक चित्र’ असं ठळक लिहून. इथे नाही म्हटलं. जी माणसं गेली त्यांची घरं, त्यांचे चेहरे यंत्राने मनाने रचायचे नाहीत. त्याऐवजी डोंगराचा उतार, त्या आठवड्याचा पाऊस, वाडीपर्यंत गाडीरस्ता नसणं, यावर लिही म्हटलं. त्याने पावसाचे आकडे मिळवले आणि आलेख काढायला एआयची मदत घेतली. तो वापर मला योग्य वाटला, आणि मी तसं सांगितलं.

एआय बंद करा म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी माझा इथेच मतभेद आहे. त्याच्या आधीही प्रकल्प उतरवलेलेच असत: आधी गाईडमधून, मग चित्रांचे तयार तक्ते, मग सायबर कॅफेतली प्रिंट. तेव्हा हे कोणाकडून आलं असं कोणी विचारत नव्हतं; आता ते विचारायची संधी आली आहे. लिहिणाऱ्याचं नाव देण्याचं चांगलं उदाहरण मुलांना दाखवायचं तर मराठी विश्वकोश दाखवावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आज तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो, आणि नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं.

आमच्या प्रकल्पवहीत पहिलं पान ‘कोणाला विचारलं’ या नावाचं आहे. माणूस असेल तर नाव, गाव आणि त्याची परवानगी. पुस्तक असेल तर पान. एआय असेल तर तारीख, विचारलेला प्रश्न, आणि त्याच्या उत्तरातलं काय पडताळून खरं निघालं, काय टाकून दिलं. हे पान कोरं असेल तर मी पुढची वही तपासत नाही.

आता कर्जत-खालापूरच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी वतनाचे, जमिनीचे जुने कागद असतील, रेल्वेच्या किंवा खोपोलीच्या वीजकेंद्राच्या नोकरीतले दाखले असतील, स्वातंत्र्यलढ्यातल्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याच्या आठवणी आजोबांनी सांगितलेल्या असतील. शाळेतलं मूल वही घेऊन दारात आलं तर त्याला अर्धा तास द्या, कागद हाताळू द्या. आणि तुमचं नाव लिहू का असं त्याने विचारलं, तर हो किंवा नाही, ते स्पष्ट सांगा.